बरणीतलं जनावर

रात्रीचे साडेआठ. मळवली स्टेशनवरून भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं कौलारू घर, पुढे पडवी, डाव्या हाताला गोठा. पाऊस तिरका लागलेला. भाच्यानं मोटरसायकल पडवीच्या कडेला लावली, हँडलला अडकवलेली कापडी पिशवी काढली आणि रेनकोटातून पाणी निथळवत उंबऱ्याकडे वळला. आत्या उंबऱ्यातच उभी होती.

"जनावर आहे का त्यात?"

"आहे. पाऊस जरा ओसरला की सोडून येतो."

"मग तूही बाहेरच बस. चहा बाहेर देते."

मावळातल्या जुन्या घरांत दिवेलागणीनंतर 'साप' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, किरडू म्हणतात. कुणाला चावलाच तर 'पान लागलं' म्हणतात. आत्यानं चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून काढली, सर्पदंशाचे किती केसपेपर लिहिले त्याची गणती नाही, पण घरी रात्री ती अजून 'जनावर'च म्हणते. भाचा सरळ 'साप' म्हणतो. दिवसा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी सर्पमित्र. मावळात प्राण्यांना सोडवणाऱ्या संस्था आणि गट बरेच आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पोरांचे फोन जेवणाच्या ताटावरही थांबत नाहीत.

या दोघांचं सापांवरून गेली दहा वर्षं वाजतंय. आत्या बुरसटलेली आणि भाचा शहाणा, किंवा भाचा स्टंटबाज आणि आत्या पोक्त, असं काही असतं तर भांडण केव्हाच संपलं असतं. भाच्याचं म्हणणं असं, की माणसानं आपल्या आवारातले पंधरा-वीस साप ओळखायला शिकावं. निम्मी भीती तिथंच गळून पडेल आणि बिनविषारी साप काठीखाली जायचे थांबतील. आत्या म्हणते, साध्या माणसानं ओळखीच्या भानगडीत पडूच नये. घरात शिरलं ते विषारी, असं धरून चालावं आणि लांब राहावं.

चहा आला. भाच्यानं पिशवीतून बरणी काढली. लोणच्याची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. आत करंगळीएवढ्या जाडीचं, दीड फुटाचं काहीतरी वेटोळं करून बसलेलं. आत्यानं चष्मा नाकावर सरकवला, टॉर्च मारला आणि दोन पावलं मागे झाली.

"मण्यार आहे ही. कुठं हात घालतोस रे!"

"कवड्या आहे, आत्या."

इथं सगळ्या वादाचं मूळ बरणीत येऊन बसलं होतं. कवड्या आणि मण्यार ही महाराष्ट्रातल्या घराघरांतली सगळ्यात महागडी गफलत आहे. दोघं निशाचर, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे, दोघं घरात येणारे. एकाच्या दाताला विष नाही. दुसऱ्याचं विष नागापेक्षाही जहाल.

भाच्यानं बरणी ट्यूबलाइटकडे धरली. "रंग बघ आधी. हा तपकिरी आहे. मण्यार काळी असते, निळसर झाक असलेली, तेल लावल्यासारखी चमकते. आता पट्टे बघ. याचे मानेपाशी ठळक आहेत आणि शेपटीकडे जाताना पुसट होत गेलेत. मण्यारचं उलट असतं. शेपटीकडे ठळक, डोक्याकडे पुसट, आणि बहुतेक वेळा दोन-दोन पट्टे जोडीनं. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक मोठी रांग असते, याला ती नाही. डोळे बघ, काळे, मण्यासारखे बाहेर आलेले."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मण्यारच्या पिल्लाचे पट्टे मानेपासूनच दिसतात की नाही?"

"कधी कधी दिसतात."

"आणि पट्टेच नसलेली मण्यार असते की नाही?"

"असते. कवड्याही असतो तसा."

"झालं तर मग. मी चौतीस वर्षं दवाखान्यात काढली. उजेडात, बरणीत बंद, डोळ्यांवर चष्मा, शेजारी तू. तरी मला चुकलं. रात्री दोन वाजता लाइट गेलेली असताना, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या बाईनं पाठीवरचे खवले मोजायचे का?"

भाचा गप्प. हा गुण आत्याला द्यायलाच हवा.

तिच्या या हट्टामागे पावसाळ्यातली एक पहाट आहे. पहाटे पाच वाजता एका तरुण शेतमजुराला पोटात कळा येतात म्हणून आणलं होतं. अंगावर जखम नाही, सूज नाही. घरच्यांनी रात्रभर ओवा आणि सोडा पाजला होता. जिभेवर शब्द जड झाले होते, आणि तो सारखा म्हणत होता, झोप येतेय. आत्यानं त्याच्या पापण्यांकडे पाहिलं. त्या वर उचलल्या जात नव्हत्या. मण्यारचा दंश असाच येतो. रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक, की मुंगी चावली असं वाटून माणूस कूस बदलतो. मग पोटदुखी, मग पापण्या खाली येतात, मग श्वास. तो वाचला, कारण कृत्रिम श्वास देत मोठ्या रुग्णालयात वेळेत पोचला. घरच्यांनी नंतर सांगितलं, की रात्री भिंतीकडेला 'तो पट्ट्यांचा बिनविषारी' दिसला होता, म्हणून कुणी उठलं नाही.

"तुझ्यासारख्याच कुणीतरी शाळेत येऊन चित्रं दाखवली होती त्या घरातल्या पोरांना," आत्या म्हणाली. "अर्धी ओळख फार वाईट. अनोळख परवडली."

भारतात सापाच्या दंशानं किती माणसं मरतात, याचा सगळ्यात मोठा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यांत, आणि घरीच. निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, पण मृत्यूंचा मोठा वाटा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचा. हे आकडे आत्याच्या बाजूनं बोलतात असं वरवर वाटतं. भाचा तेच आकडे उलटे धरतो.

"चौघांसाठी बाकी सगळ्यांना का मारायचं? गेल्या आठवड्यात कामशेतजवळ धामण मारली लोकांनी. साडेसहा फुटांची. भाताच्या कणगीमागे होती. कशाला गेली असेल ती तिथं? तांदूळ खायला?"

धामणीबद्दल मावळात जेवढ्या कथा आहेत तेवढ्या नागाबद्दलही नसतील. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीचा फटका बसला की अवयव सुकतो, ती नागाची मादी असते, जनावरांच्या नाकपुडीत शेपूट घालते. यातलं एकही खरं नाही. कुठल्याच सापाला दूध ओढून पिता येईल असे ओठ नसतात. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक 'जोडी लागली' म्हणतात आणि लाभ होईल म्हणून वर कापड टाकतात. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दोन नरांची कुस्ती असते. हरलेला निघून जातो. खरी गोष्ट एवढीच, की धामण उंदरांच्या बिळात शिरते आणि बिळातलं कुटुंबच्या कुटुंब संपवते. इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे याहून स्वस्त गडी नाही.

"धामणीचं मला सांगू नको," आत्या म्हणाली. "आपल्या गडग्यात होती ती तीन वर्षं. मी कुणाला हात लावू दिला का?"

हेही खरं. पण आत्याचं पुढचं वाक्य भाच्याला लागलं.

"मात्र उंदरावर धामण येते, तसा नागही येतो. दोघांची खानावळ एकच. आज धामण दिसली म्हणून तू टाळ्या वाजवतोस, मी बघते की आपल्याकडे उंदीर किती झालेत. आणि हा तुझा कवड्या. मण्यार काय खाते?"

"साप."

"कुठले?"

"कवड्या. वाळा. मिळेल तो."

"म्हणजे तुझा पाहुणा दुसऱ्याचं जेवण."

सर्पमित्रांच्या व्याख्यानांत ही बाजू सहसा येत नाही. बिनविषारी साप हा घराचा राखणदार असल्याचं सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या घरात त्याला खायला मिळतं, त्या घराचा पत्ता विषारी सापालाही सापडतो.

भाच्याचं उत्तर तयार होतं. "म्हणूनच धामण काढली की उंदीर वाढतात आणि तिची जागा घ्यायला पुढचा कुणीतरी येतो. तो धामणच असेल याची खात्री कोण देणार? साप काढून प्रश्न सुटत नाही. आजचा बंगला बघ."

बंगला आत्याच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. लोणावळा, खंडाळा, कार्ला, पवना धरणाच्या काठानं गेल्या काही दशकांत असे बंगले गावागणिक झाले. सोमवार ते शुक्रवार कुलूप, शनिवार-रविवार पाहुणे. भाचा पोचला तेव्हा पाहुणे पावसात लॉनवर उभे होते, सगळे अनवाणी, गवत घोट्याच्या वर. साप बाथरूममध्ये होता आणि बाथरूमचं दार बाहेरून लावलेलं होतं. मावळातल्या पावसाळ्यात उंच ओल्या गवतात अंधारात अनवाणी उभं राहण्यापेक्षा, दार लावलेल्या बाथरूमच्या बाहेर सोफ्यावर बसणं कितीतरी सुरक्षित. घोणस मे ते जुलैच्या सुमारास पिल्लं घालते, अंडी नाही, आणि एका वेळी कितीतरी. ती पिल्लं जन्मतःच विषारी असतात, आणि गवतातच असतात.

"बाथरूमच्या खिडकीबाहेर रात्रभर दिवा," भाचा सांगत होता. "दिव्यावर किडे, किड्यांवर पाली, पालींवर कवड्या. तो खडबडीत भिंतीवर सरळ चढतो. व्हेंटिलेटरची काच निघालेली, जाळी नाही. पोहण्याच्या तलावात बेडूक, बेडकांवर दिवड. मागच्या बाजूला शनिवारच्या बिर्याणीची हाडं, त्यावर घुशी. आणि भिंतीला लावून रचलेले शोभेचे दगड, आत भरपूर पोकळ्या. बोलावणं पाठवावं तर असं! वर केअरटेकरनं कंपाउंडच्या कडेनं कार्बोलिक ॲसिड ओतलंय आणि मालकांनी डांबरगोळ्या."

"उपयोग होत नाही?"

"डांबरगोळ्यांवरून गेलेला साप मी बघितलाय. कार्बोलिकनं माणसाची कातडी भाजते, सापाची लागलीच तर. लसूण, फिनेल, रॉकेल, सगळं तसंच. मालक फोनवर म्हणाले, दूर सोडा, लोहगडाच्या जंगलात. मी हो म्हणालो."

"आणि?"

"आणि इथंच सोडणार. बंगल्याच्या मागच्या ओढ्याशी."

आत्याच्या भुवया वर गेल्या. ओढा तिच्याच परसाच्या अंगानं जातो. भाच्यानं घाईनं पुढे सांगितलं. साप आपल्या टापूतली बिळं, पाणी, आडोसे ओळखून जगतो. अनोळखी मुलुखात नेऊन सोडला की भटकत राहतो. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या अंगात ट्रान्समीटर बसवून पाहिलं तेव्हा दूर नेलेले साप जास्त हिंडले आणि जास्त मेले. ताम्हिणीच्या किंवा लोहगडाच्या जंगलात 'मुक्त' केलेल्या सापाचा फोटो छान येतो. त्यानंतर त्याचं काय होतं, हे फोटोत नसतं.

"फोटोवरून आठवलं," आत्या म्हणाली, आणि भाच्यानं मान खाली घातली, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक होतं. सापाला गळ्यात घालून, फण्याचा मुका घेऊन काढलेले व्हिडिओ, आणि त्यातून गेलेले सर्पमित्र. महाराष्ट्रात अशा बातम्या दरवर्षी येतात. "तुम्हाला ओळख असते ना? मग तुम्हीच कसे जाता?"

"ओळख असते. भीती गेलेली असते."

"तेच म्हणतेय मी."

आत्या पुण्यात नर्सिंग शिकत होती ते १९८० साल. त्या वर्षी नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. शहरभर त्याचीच चर्चा होती. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि पुणे जिल्ह्यातल्या किमान दोन पिढ्यांनी पहिला जिवंत साप तिथं, काचेपलीकडे पाहिला. भाच्याच्या सर्पमित्र होण्याचं मूळही कात्रजच्या शाळेच्या सहलीतच आहे. तो खैऱ्यांचा दाखला नेहमी देतो. आत्याचा त्यावरचा शेरा ठरलेला: "तो माणूस तीन दिवस हलला नाही. आपल्याकडे माणूस साप दिसला की आधी नाचतो."

मग विषय कायद्यावर गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापाला मारणं, पकडून ठेवणं, त्याचा खेळ करणं गुन्हा आहे. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची मिरवणूकही याच कायद्यापुढे न्यायालयात थांबली. मांडुळासारखा गरीब, मातीत राहणारा साप दुतोंड्या म्हणून लाखोंच्या अफवांवर विकला जातो, त्यातही पोलीस याच कायद्यानं पकडतात. आत्याला कायदा नोकरीमुळे तोंडपाठ. ती म्हणाली, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, असंही त्यातच लिहिलंय.

"लिहिलंय. अंगावर आलं तर," भाचा म्हणाला. "दार ओढून घेऊन बाहेर उभं राहता येत असेल, तर कसला जीव वाचवणं? लोक काठी घेऊन जवळ जातात आणि तिथंच चावून घेतात. निम्मे दंश मारायला गेल्यामुळे होतात."

"निम्मे कुणी मोजले?"

"बरं, निम्मे नाही. पण होतात."

"होतात," आत्यानं कबूल केलं. बोटांवर, मनगटावर दात उमटलेले हात तिनंही पाहिले आहेत. 'मेला असं वाटलं म्हणून उचलला' हे वाक्य केसपेपरवर लिहिलं आहे.

ओळखीचा उपयोग दवाखान्यात तरी होतो की नाही, यावर दोघं बराच वेळ अडले. भाचा म्हणतो, दिवड चावली आणि डॉक्टरांना खात्रीनं सांगितलं, तर फुकट प्रतिविष टोचलं जाणार नाही. हा मुद्दा साधा नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिॲक्शन जिवावर बेतू शकते, आणि पहिला डोसच आठ-दहा कुप्यांचा असतो. गरज नसताना ते देणं म्हणजे नवं संकट ओढवून घेणं. आत्याचं उत्तर मात्र कामाच्या टेबलावरचं होतं. डॉक्टर सापाचं नाव विचारत बसत नाहीत, माणसाकडे पाहतात. शिरेतून थोडं रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ठेवायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग तिरकी करायची. रक्त गोठलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं. मण्यार-नागासाठी पापण्या आणि श्वास. काहीच लक्षण नसलं तरी चोवीस तास ठेवून घ्यायचं, 'बिनविषारी होता' असं नातेवाईक शपथेवर सांगत असले तरीही.

"पेशंटबरोबर मेलेलं जनावर घेऊन यायचे लोक पिशवीत," ती म्हणाली. "एकदा मेलेलं जिवंत निघालं. अख्खा वॉर्ड बाकड्यांवर."

दोघंही हसले. बरणीतला कवड्या इतका वेळ हलला नव्हता; आता त्यानं डोकं वेटोळ्यात खुपसलं.

घाटमाथ्यावर ओळखीचा आणखी एक घोटाळा आहे, आणि तो हिरवा आहे. पावसाळ्यात लोणावळ्याच्या गवतात गवत्या भरपूर दिसतो, बेडूक खाणारा, मवाळ. त्याच्या पिल्लाच्या मानेवर काळी खूण असते, म्हणून ते नागाचं पिल्लू समजून मारलं जातं. हरणटोळ फांदीवर असतो, तोही हिरवा, निमविषारी. आणि चापडाही हिरवाच. बांबूच्या बेटात तासन्‌तास निश्चल बसणारा, त्रिकोणी डोक्याचा, विषारी. चापड्याच्या दंशानं माणूस सहसा मरत नाही, पण आपल्याकडचं प्रतिविष ज्या चार सापांसाठी बनतं त्यांत तो नाही. 'हिरवा साप बिनविषारी' हे अर्धवट ज्ञान घेऊन कार्ल्याच्या डोंगरात फिरणाऱ्यांचं नशीब बरं, एवढंच म्हणता येईल. घोणशीचं तेच. तिला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे आहेत, आणि निरुपद्रवी डुरक्या घोणशीला खरी घोणस समजून चेचणारेही आहेत.

या सगळ्यातून काय घ्यायचं? दोघांचं ऐकल्यावर वाटतं ते असं. भाच्याची ओळख अंगणासाठी आहे आणि आत्याचं अंतर घरासाठी. आवारात, शेतात, गडग्यावर साप दिसला तर त्याला वाट द्यावी. तो धामण असेल तर तिथंच राहील, नसेल तरी बहुतेक वेळा निघून जाईल. घरात शिरला तर त्याचं नाव-गाव विचारू नये. त्या खोलीचं आतलं दार लावून फटीत टॉवेल खोचावा, बाहेरचं दार असेल तर उघडावं, लहान मुलं आणि कुत्रं दूर न्यावं, एकानं लांबून नजर ठेवावी आणि दुसऱ्यानं फोन करावा. ओळखीची खरी गरज पडते ती सर्पमित्राला. ज्याला ती आहे असं वाटतं, त्यानं आधी पाचशे साप पाहिलेत का, हे स्वतःला विचारावं.

आत्याला हे मान्य झालं असतं. भाच्याला 'पाचशे' जरा जास्त वाटले असते.

एका गोष्टीवर मात्र त्या रात्री दोघांचं जमलं. ती गोष्ट होती फट. मधल्या दाराखाली अंगठा जाईल एवढी फट भाच्यानं बोटानं दाखवली. कवड्याला तो हमरस्ता. मोरीच्या तोंडाला जाळी होती, पण एका कोपऱ्यात गंजून उचकटलेली. सरपण भिंतीला टेकवून रचलेलं. ते भिंतीपासून लांब, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर हवं. पेंढ्याची गंज गोठ्याला चिकटून. भाजीच्या वाफ्यावर पाखरांसाठी टाकलेलं नायलॉनचं जाळं भाच्यानं हातानंच गुंडाळून ठेवलं. असल्या जाळ्यात अडकून अंग कापलेल्या धामणी त्यानं कात्रीनं सोडवल्या आहेत. उंदरांसाठीच्या चिकट गोंदाच्या पुठ्ठ्यांचंही तेच होतं, उंदराआधी त्यांवर पाल आणि साप चिकटतात.

"आणि तू खाली झोपतेस अजून," भाचा म्हणाला.

"कंबर दुखते खाटेवर."

"मग मच्छरदाणी. गादीखाली चारी बाजूंनी खोचून. मण्यारला तेवढी पुरते."

हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं तीच हे दुसऱ्यांना सांगत होती. स्वतःच्या घरात मात्र मच्छरदाणी ट्रंकेत होती. जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशानं एकही मृत्यू होऊ नये म्हणून मोहीम चालवली आहे, तिथंही गावोगाव सांगण्यातला मोठा भाग असाच साधा आहे: बॅटरी, बूट, मच्छरदाणी, आणि पान लागलं तर देवऋषीकडे न जाता सरळ दवाखाना. केंद्र सरकारनंही २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा दिल्लीत ठरतो, मच्छरदाणी ट्रंकेतून ज्याची त्यानं काढायची असते.

नागपंचमी चार दिवसांवर होती. आत्या त्या दिवशी काही चिरत नाही, तवा ठेवत नाही, पुरणाची दिंडं उकडते आणि परसातल्या वारुळापाशी दूध-लाह्या ठेवून येते. भाचा दरवर्षी म्हणतो, साप दूध पीत नाही. यंदाही म्हणाला.

"माहीत आहे मला. मुंगळे पितात," आत्या म्हणाली. "त्या दिवशी कुणी नांगर घालत नाही, खणत नाही. पावसात बाहेर निघालेल्या जनावराला एक दिवस तरी कुणी खोदून काढत नाही, हे काय कमी आहे?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं, की त्यानं दिलं नाही, ते कळलं नाही. त्यानं वर बोट दाखवलं. पडवीच्या ट्यूबलाइटभोवती पाखरं भिरभिरत होती आणि तीन पाली दबा धरून बसल्या होत्या. आत्यानं वर पाहिलं, काही न बोलता बटण बंद केलं. अंधारात बरणी दिसेनाशी झाली.

"टॉर्च लाव आणि ते आधी सोडून ये," ती म्हणाली. "गमबूट घाल. तुला नाही चावत कुणी, माहीत आहे. तरी घाल."

पाऊस थांबला होता. भाचा ओढ्याकाठी गेला, गडग्याच्या खालच्या दगडांपाशी त्यानं बरणी आडवी केली, झाकण काढलं आणि तीन पावलं मागे सरला. कवड्या लगेच बाहेर आला नाही. आधी जीभ, मग चपटं डोकं, मग एकदम सगळाच, आणि दोन दगडांच्या मधल्या सांदीत गेला. एक मिनिटही लागलं नाही.

त्या पडवीच्या भिंतीवर स्विचबोर्डाशेजारी खडूनं दोन आकडे लिहिलेले आहेत. १०८ आत्याच्या अक्षरात, रुग्णवाहिकेसाठी. त्याखाली १९२६ भाच्याच्या अक्षरात, महाराष्ट्र वन विभागाच्या मदतवाहिनीसाठी. दोन्हींना पैसे पडत नाहीत. आपल्या घरच्या भिंतीवर ते नसतील, तर आजच लिहून ठेवा. आणि खडू हातात आहे तोवर मोरीची जाळीही एकदा बघून घ्या.